रंग अजून ओला आहे

होडीचा ट्रेलर हे पृथ्वीवरचं सर्वांत कमी चालणारं आणि सर्वांत जास्त दुरुस्त होणारं वाहन आहे. श्रीवर्धन तालुक्यातल्या बोर्ली पंचतन, दिवेआगर, भरडखोल, दिघी या पट्ट्यात ज्याच्याकडे स्वतःची छोटी फायबरची होडी आणि ती ओढायला ट्रेलर आहे, त्याला हे सांगावं लागत नाही. ज्याच्याकडे नाही, त्याला ते पटत नाही. महाराष्ट्रात यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद. त्यामुळे मे संपता संपता होडी वर घ्यायची आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा खाली न्यायची, एवढाच ट्रेलरचा वर्षाचा कामधंदा. दोन खेपा. बाकीचे दिवस तो जांभळाखाली उभा राहून गंज धरतो, आणि एवढी भरपगारी रजा भोगूनही मे महिन्यात वेल्डिंगच्या दुकानापुढे पहिला नंबर त्याचाच असतो. माझं म्हणणं असं आहे, आणि ते मी पुराव्यानिशी मांडणार आहे, की ट्रेलर होडी ओढायला नसतोच. ट्रेलर दुरुस्त करायला असतो. होडी ही त्या दुरुस्तीला घरच्यांची परवानगी मिळावी म्हणून ठेवलेली असते.

पहिला पुरावा ट्रेलरच्या अंगावरच सापडतो. इकडचा जुना ट्रेलर कुठल्या कारखान्यात जन्माला येत नाही, तो जमत जातो. अ‍ॅक्सल मोडीत निघालेल्या जीपचा, पाटे टेंपोचे, एक चाक मिनिडोअरचं आणि दुसरं चाक मिनिडोअरच्याच मापाचं असल्याची दुकानदाराने शपथ घेतलेलं. चॅनल कुणाच्या तरी बांधकामातून उरलेला. दोन चाकांत बोटभर फरक असल्यामुळे ट्रेलर जन्मभर किंचित डावीकडे कलून चालतो, आणि वरची होडी लांबून बघणाऱ्याला सतत वळण घेत असल्यासारखी दिसते. अशा ट्रेलरची दुरुस्ती नेहमी एका बेअरिंगपासून सुरू होते. बेअरिंग बदलायला हब काढावा लागतो, हब काढायला नट फिरावा लागतो, आणि नट फिरत नाही. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा अडवतो, त्यामुळे नट बोल्टवर असा आवळून बसतो की पान्याचा दांडा वाकतो पण नट हलत नाही. मग गॅसकटर येतो. त्यात नटाबरोबर अ‍ॅक्सलचे आटे जातात, म्हणून अ‍ॅक्सल बदलायचा. दुसरा अ‍ॅक्सल चार बोटं लांब निघतो, म्हणून पाटे सरकवायचे. पाटे सरकवायला चॅनल कापायचा, आणि तो कापताना लक्षात येतं की चॅनल केव्हाच गेलेला आहे, उरलाय तो चॅनलच्या आकाराचा रंग. "शेठ, आत काही नाही," वेल्डर सांगतो. "मग इतकी वर्षं होडी कशावर होती?" "सवयीवर." काम बेअरिंगपुरतं असतं तोवर वेल्डर मालकाला काका म्हणत असतो. शेठ म्हणाला की घरी फोन करून कपाटातले पैसे मोजायला सांगावेत.

यावर वक्तशीर माणसं म्हणतील की हा सगळा निष्काळजीपणाचा परिणाम. वेळेवर ग्रीस भरलं असतं तर ही पाळी आली नसती. अशा माणसांनी हबचा स्वभाव समजून घेतलेला नाही. बोर्लीहून दिवेआगरचा किनारा चार-पाच किलोमीटर. तेवढ्या रस्त्यात बेअरिंग तापतं आणि हबमधली हवा फुगते. तसाच ट्रेलर समुद्रात उतरवला की हब एकदम गार पडतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून खारं पाणी आत खेचून घेते. म्हणजे ग्रीसने भरलेला हबसुद्धा संधी मिळताच समुद्र पितो. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे हबच्या तोंडाला स्प्रिंगची टोपी बसवायची, ती आतलं ग्रीस सतत दाबाखाली ठेवते आणि पाण्याला जागा देत नाही. दुसरा म्हणजे पाण्यात घालण्याआधी हब गार होऊ द्यायचा. पहिला उपाय बाहेरून मागवावा लागतो, दुसरा चहाच्या टपरीवर तयार मिळतो. देखभालीचा हा एकच नियम आपल्याकडे काटेकोर पाळला जातो. फक्त हब गार होईपर्यंत दोन-दोन चहा होतात, तेवढ्यात भरती ओसरायला लागते, ट्रेलर ओल्या वाळूत आणखी पुढे न्यावा लागतो आणि अ‍ॅक्सलपर्यंत रुततो. मग तो उपसायला ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरने झटका दिला की हुकचं वेल्डिंग हातात. शास्त्र पाळलं तर हुक जातो, नाही पाळलं तर बेअरिंग जातं; दोन्ही वाटा एकाच दुकानाशी येऊन मिळतात.

रंगाची गोष्ट याहून सुरस आहे. ट्रेलर घासून झाला की त्यावर रेड ऑक्साइडचा हात देतात. हा रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड, रसायनशास्त्राच्या नात्याने गंजाचा सख्खा भाऊ. गंज चढू नये म्हणून आपण लोखंडाला आगाऊ गंजाच्याच रंगाने माखतो. यात सोय अशी की पुढच्या वर्षी अस्सल गंज आला तरी रंग गेला आणि गंज आला यातली सीमारेषा कुणाला दाखवता येत नाही, आणि रंगारी मजुरी परत द्यायला बांधील राहत नाही. जुनी माणसं मुशीचं तेल लावायला सांगतात. लाकडी होड्यांना ते लावत आणि लाकूड टिकायचंही. ट्रेलरला लावल्यावर गंज थांबतो का, हे मात्र सांगता येणार नाही, कारण ते लावलेल्या ट्रेलरजवळ निरीक्षण करण्याइतका वेळ कुणी थांबलेलं नाही.

आता खरा वजनदार आक्षेप. ट्रेलर हवाच कशाला? माणसाने ट्रेलरवाचून याहून मोठमोठी ओझी ओढली आहेत. १४५३च्या एप्रिलमध्ये कॉन्स्टँटिनोपलला वेढा पडला होता. गोल्डन हॉर्न खाडीच्या तोंडाशी साखळी आडवी होती, तेव्हा उस्मानी सुलतान महंमद दुसरा याने सत्तरच्या आसपास गलबतं चरबी चोपडलेल्या ओंडक्यांवरून टेकडी चढवली आणि पलीकडच्या पाण्यात सोडली. त्या साऱ्या हकिकतीत बेअरिंग खराब झाल्याचा उल्लेख नाही. इजिप्तमध्ये जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीचं एक चित्र आहे. त्यात शेकडो माणसं एक अजस्र पुतळा घसरगाडीवरून ओढताहेत आणि पुढे उभा राहून एक जण वाळूवर पाणी ओततोय. २०१४ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पदार्थवैज्ञानिकांनी मोजून दाखवलं की वाळूला नेमकी ओल असली तर ओढायला लागणारा जोर निम्म्यापर्यंत खाली येतो. हे आपल्या किनाऱ्यावरच्या एखाद्या कोळ्याला सांगायला गेलात तर तो ऐकून घेईल आणि मग विचारेल, की हे मोजायचा पगार मिळतो का. कारण ओल्या, घट्ट वाळूवर ओंडके टाकून भरतीच्या वेळेला होडी वर घेणं त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे.

आक्षेप बिनतोड आहे, आणि तरीही टिकत नाही. एक तर ओंडक्यांना माणसं लागतात, पंधरा-वीस तरी, आणि ती एकाच वेळी एकाच दिशेला ओढणारी. ओढण्याच्या वयाची माणसं मुंबईला नाहीतर आखातात. गावात शिल्लक राहतात ती सूचना देण्याच्या वयाची. पण याहून मोठी अडचण अशी की ओंडक्यात सुधारणेला वाव नाही. ओंडका फुटला तर चुलीत जातो, नवा आणला तर बघायला कुणी येत नाही. उलट ट्रेलर उलटा करून ठेवा आणि नुसता हातोडा घेऊन शेजारी बसा. दहा मिनिटांत निवृत्त गुरुजी येतात, मिनिडोअर बाजूला लावून चालक उतरतो, मे महिन्याच्या सुट्टीतले चाकरमानी हाफ पँटीत हजर होतात, आणि मासळी आणायला पाठवलेला एखादा गृहस्थ रिकामी पिशवी घेऊन दुपारपर्यंत उभा राहतो. "भार पुढे पाहिजे," एक जण म्हणतो. "जरा मागे घ्या, भार फार पुढे आलाय," दुसरा म्हणतो. दोघंही ट्रेलरच्या हुकवर एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा यायला हवा या तत्त्वाबद्दलच बोलत असतात. तो कमी पडला तर धावताना ट्रेलरचं शेपूट हलतं. बोर्लीत हे गणित पुढच्या बाजूला एक भाचा बसवून सोडवतात. भाचा किती किलोचा घ्यायचा यावर मात्र एकमत होत नाही. या घोळक्यात लेख लिहिणारेही असतात. त्यांच्या हातात पाना दिला तर तो कुठल्या टोकाने धरायचा यावर ते दोन परिच्छेद सांगतील, आणि पाना तोवर दुसऱ्या कुणी तरी नेलेला असेल.

दुरुस्ती ज्या दिवशी संपायला येते, नेमक्या त्याच दिवशी सुधारणा सुरू होते. तिचा उगम सहसा परदेशात असतो. कुवेतला असलेला चुलत भाऊ व्हिडिओ कॉलवर ट्रेलर बघतो, तिकडचे ट्रेलर दाखवतो, आणि इथला संसार बिघडतो. तिकडे दोराऐवजी विंच असतो. लाकडी फळ्यांवर गालिचा ठोकलेला असतो, म्हणजे होडीचा तळ खरवडत नाही. कण्याखाली रबरी रूळ असतात. आणि दिवे! पाण्याखाली गेले तरी पेटणारे एलईडी दिवे. आपला ट्रेलर वर्षातून दोनदा, तोही भरदिवसा, चार-पाच किलोमीटर जातो ही बाब अशा वेळी कुणी काढत नाही. काढलीच तर, "कायद्याने लागतात," हे उत्तर तयार असतं. कायदाही सुधारकांच्याच बाजूचा आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात कलम २, पोटकलम ४६ मध्ये ट्रेलरची व्याख्या आहे. मोटार वाहन ज्याला ओढतं ते, किंवा ओढलं जाण्यासाठी जे आहे तेही, ट्रेलरच. म्हणजे तो प्रत्यक्षात हलला पाहिजे अशी सक्ती नाही, हेतू पुरतो. जांभळाखाली दहा महिने उभ्या असलेल्या, चाकांवर वेली चढलेल्या सांगाड्याला इतक्या सन्मानाने वागवणारं दुसरं काही आपल्या जिल्ह्यात नसेल. एमएच-०६ची पाटी लावली की मग विचारूच नका. अख्ख्या ट्रेलरवर सरळ रेषेत बसलेली तेवढी एकच वस्तू असते.

सुधारणेतला सर्वांत थोर टप्पा म्हणजे झिंक. सगळा सांगाडा साडेचारशे अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढायचा. मग आधी जस्त झिजतं, लोखंड मागे राहतं, आणि खाऱ्या हवेतही ट्रेलर वर्षानुवर्षं टिकतो. शास्त्र निर्दोष आहे. अट एकच, की सगळं वेल्डिंग आधी पूर्ण झालेलं हवं, कारण नंतर वेल्डिंग केलं तर तिथलं जस्त जळतं आणि त्या पांढऱ्या धुराने वेल्डरला ताप येतो. आता वेल्डिंग पूर्ण झालं असं म्हणायचं कुणी? मालकाला शिडीसाठी एक पट्टी वाढवायची असते, गुरुजींना हुक दोन इंच वर हवा असतो, कुवेतकर स्पेअर चाकाचं स्टँड सुचवून झोपायला गेलेले असतात. त्यामुळे झिंक नेहमी पुढल्या वर्षी. तोवर रेड ऑक्साइड.

इतक्या पैशात नवा का घेत नाही, असं विचारणारे हिशेबी असतात पण त्यांचा हिशेब अपुरा असतो. नवा ट्रेलर पहिल्यांदा समुद्रात गेला की संध्याकाळी तो जुनाच असतो, फक्त त्याचे हप्ते नवे असतात. शिवाय नव्या ट्रेलरविषयी बोलायला काही नसतं. म्हणून लोक बाहेरून जुनाच आणतात, बहुधा होडीसकट. मुंबईहून आणायचा तर २०११ पासून रुंद होत असलेल्या मुंबई-गोवा महामार्गाने माणगावला आणि तिथून म्हसळ्यावरून बोर्लीला. या वाटेने आलेल्या ट्रेलरचं कुठलं वेल्डिंग कच्चं होतं हे वेगळं तपासावं लागत नाही. मुरूडच्या बाजूने आणायचा तर आगरदांड्याला फेरीबोटीत चढवून दिघीला उतरवायचा. हे दृश्य माझ्या युक्तिवादाचा कणा आहे. समुद्रावर फेरीबोट, फेरीबोटीवर ट्रेलर, ट्रेलरवर होडी. पलीकडे दिघीचा किनारा दिसतोय आणि होडी तिकीट काढून निघाली आहे. "अहो, मग होडी सरळ पाण्यातून का नाही आणली?" सहप्रवासी विचारतो. मालक त्याच्याकडे दयेने बघतो. "आणि ट्रेलर कसा आणणार?"

गोड्या पाण्याचा सल्लाही निकालात काढू. समुद्रातून वर आला की ट्रेलर लगेच गोड्या पाण्याने धुवावा, मीठ राहू देऊ नये, असं प्रत्येक जाणकार सांगतो आणि त्यात काही चूक नाही. पण होडी वर घ्यायची ती मेच्या अखेरीस, जेव्हा कोकणात विहिरींचे तळ दिसायला लागतात आणि घरात हंडे मोजून भरतात. अशा वेळी अंगणात नळी लावून चाकं धुणाऱ्या माणसाला घरातून जे ऐकून घ्यावं लागतं ते कुठल्याही पुस्तिकेत नाही. "माणसांना आंघोळीला तांब्या, आणि त्याला अभ्यंगस्नान?" नारळी पौर्णिमेला पाणी मुबलक असतं, पण तेव्हा ट्रेलर वरून पावसाने धुतलाच जातो, म्हणून कुणी हात लावत नाही.

या सगळ्याला छेद देणारा एक पुरावा आहे आणि तो लपवणं बरं नव्हे. दिवेआगरच्या वाळूवर जलक्रीडावाल्यांचे ट्रेलर हंगामात रोज पाण्यात जातात, रोज बाहेर येतात. त्यांना दिवे नाहीत, गालिचा नाही, रंगाचा तर संशयही घेता येणार नाही. अँगलचा सांगाडा, दोन चाकं, बस. तरी चालतात. विरोधक यावरून म्हणतील की ट्रेलर ओढण्यासाठीच असतो हे सिद्ध झालं. मला उलट दिसतं. ते चालतात, कारण त्यांच्या मालकांना दुरुस्तीला वेळच मिळत नाही. गिऱ्हाईक उभं असतं. उद्या त्यांनाही वर्षात फक्त दोन खेपा दिल्या, तर तिसऱ्या वर्षी तेही विंचची माहिती काढताना आढळतील.

सुधारणा पूर्ण होण्याचे प्रसंगही क्वचित येतात. अशा वेळी ट्रेलर खरोखर देखणा दिसतो. दोन्ही चाकं एका मापाची, रूळ बोटाने फिरणारे, दिवे लुकलुकणारे, विंचचा पट्टा कोरा पिवळा. तो उघड्यावर कसा ठेवायचा म्हणून शेडचा विषय निघतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आलं, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे कुठल्या कुठे गेले. तेव्हापासून पत्र्याची शेड बांधतो असं इथे कुणी हलक्याने म्हणत नाही. म्हणून निळी ताडपत्री, चारी बाजूंनी दोर, वर जुने टायर. दिवसातून दोनदा ती उचलून आत बघायचं, आलेल्या पाहुण्याला दाखवायचं, पुन्हा बांधायचं. होडी तोवर पोफळीच्या दोन ओंडक्यांवर, पाऊस साठलेल्या अवस्थेत, बाजूला पडून. आणि मग श्रावण येतो, पौर्णिमा तोंडावर येते, समुद्र निवतो आणि मालकाच्या लक्षात येतं की आता या ट्रेलरला खाऱ्या पाण्यात न्यायचं आहे.

तो नेत नाही. कुणीच नेणार नाही. ज्याने एकदा हब समुद्र पितो हे ऐकलंय, नव्या बेअरिंगची पावती जपून ठेवलीय आणि गालिच्याचा रंग घरातल्या बाईमाणसाला विचारून निवडलाय, त्याच्या हातून ते व्हायचं नाही. तो वाडीत फिरून माणसं गोळा करतो. गुरुजी येतात, मिनिडोअरवाला येतो, सुट्टी काढून आलेले दोघे-तिघे येतात, पिशवीवाला गृहस्थही येतो. ओंडके टाकले जातात, वाळूवर दोन बादल्या पाणी पडतं, दोराला हात लागतात आणि होडी इंचाइंचाने किनाऱ्याकडे सरकायला लागते. अर्ध्यात दम खायला थांबल्यावर कुणी तरी घाम पुसत विचारतं, "ट्रेलर का नाही आणलात, काका?"

"कालच दुसरा हात दिलाय रंगाचा."

"मग बरोबर," असं म्हणून सगळे पुन्हा दोर धरतात.